अमेरिकेला इतिहासच नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी

मिसुरीकर
काल एका पोस्टवर वाचलं : "अडीचशे वर्षांचा देश, कसला आलाय इतिहास? आमच्या गावचं देऊळ त्याहून जुनं." खाली वाहवाच वाहवा. डोकंच फिरलं. १७७६ ही तिथल्या राज्यव्यवस्थेची जन्मतारीख आहे, त्या भूमीची नाही. सेंट लुईसजवळचं काहोकिया हे मूलनिवासींचं जुनं शहर बघा. इ.स. ११०० च्या सुमारास तिथे दहा-वीस हजारांची वस्ती असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मधली मंक्स माउंड ही टेकडी तीस मीटर उंच, सगळी टोपल्यांनी माती वाहून रचलेली. पायऱ्या चढताना मला धाप लागली. वरून सेंट लुईसची कमान दिसते. न्यू मेक्सिकोतलं प्वेब्लो बोनिटो, मूलनिवासींचं सहाशेच्या वर खोल्यांचं दगडी बांधकाम, नवव्या शतकात सुरू झालं. तेव्हा आपल्याकडे राष्ट्रकूट होते.

पारावरचा
हा मूलनिवासींचा इतिहास. १८३० चा कायदा करून त्यांनाच हाकललं, चेरोकी जमातीचे लोक तर वाटेत हजारोंनी मेले. मारणाऱ्यांच्या खात्यावर वारसा कसा जमा करता?

मिसुरीकर
कोणी जमा केला? चेरोकी आजही आहेत, ओक्लाहोमात टाहलेक्वा त्यांची राजधानी आहे. सेक्वोयाने त्यांच्या भाषेला लिपी दिली आणि १८२८ मध्ये त्यांचं वृत्तपत्र निघालं. बाळशास्त्रींचं 'दर्पण' १८३२ चं!

गडवाट
इतिहास कोणाचा जुना ते सोडा, जपतो कोण ते बोला. तिकडे मेसा व्हर्डेच्या क्लिफ पॅलेसमध्ये, म्हणजे मूलनिवासींच्या कड्यातल्या जुन्या वस्तीत, रेंजरशिवाय (उद्यानाच्या रक्षकाशिवाय) पाऊल टाकू देत नाहीत. इकडे गेल्या महिन्यात एका गडावर बुरुजाच्या दगडात बदाम कोरून नावं घातलेली, देवडीत वेफर्सची पाकिटं. आणि जुन्या देवळांचा अभिमान सांगता? निम्म्या देवळांच्या दगडावर ऑइलपेंट फासलाय!

पारावरचा
झालं सुरू अमेरिकेचं कौतुक. सेंट लुईसचा बिग माउंड, तशीच मूलनिवासींची मातीची टेकडी, १८६९ मध्ये खणून संपवला, माती रेल्वेच्या भरावात घातली. तिथे नव्हता वाटतं रेंजर? आणि त्यांचा पुरावशेषांचा कायदा १९०६ चा, आपल्याकडचा १९०४ चा.

गडवाट
कायदा कागदावर. तोही कर्झनच्या काळातला. बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, फटाके उडवले. बाकीच्या गडांवर पहारेकरी कुठाय? दर पावसाळ्यानंतर आम्ही पोती भरभरून दारूच्या बाटल्या खाली आणतो. तुम्ही कधी एक तरी उचललीत?

पारावरचा
मी काय उचलतो ते तुम्हाला सांगायला बांधील नाही. एवढं तिकडचं प्रेम असेल तर खुशाल तिकडे जाऊन राहा.

निळी_शाई
अहो, हमरीतुमरीवर येऊ नका. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली? गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांना त्या इतिहासाचं मोल कळलं होतं. आमच्या घरी आजोबा ती अर्पणपत्रिका आम्हा पोरांकडून मोठ्याने वाचून घ्यायचे.

पारावरचा
जोतीरावांपुढे मी बोलणार नाही. चेरोकींच्या वृत्तपत्राचंही मान्य. पण त्याच मुक्तीची खबर टेक्सासातल्या गुलामांना १९ जून १८६५ ला मिळाली, लिंकनच्या जाहीरनाम्यानंतर अडीच वर्षांनी. त्या दिवसाची देशभर सुट्टी द्यायला २०२१ उजाडलं. तेही लिहा ना.

निळी_शाई
लिहिते की. म्हणून तर ते पुस्तक तिथल्या सरकारला अर्पण केलेलं नाही, लोकांना केलंय.