आधी यादीत नाव

तरुणांना मतदानाचे गांभीर्यच नाही, हे नेहमी ऐकू येणारे मत मला पटत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या इंदूरमध्ये ‘नोटा’ला (यांपैकी कोणीही नाही) २,१८,६७४ मते पडली, रांगेत उभे राहून नकार नोंदवणे हाही सहभागच आहे. खरी अडचण त्याआधी, मतदार यादीपाशी येते. माझ्या पुतणीने सतरा पूर्ण होताच नमुना ६ (नव्या मतदाराच्या नोंदणीचा अर्ज) भरला, पण आडनावातल्या ‘ळ’चा हिंदी कागदपत्रांत ‘ल’ झाल्यामुळे (हे दुखणे इथल्या मराठी घरांना नवे नाही!) तिला दोन हेलपाटे पडले. जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबरच्या १ तारखा, अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात) आता आहेत, हे तिच्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हते. महाविद्यालयांनी भाषणांऐवजी प्रवेशाच्या वेळीच हा अर्ज भरून घ्यावा.