सायकल, पत्ता आणि गेटचं रजिस्टर (सोसायटी ग्रुप, जुळे सोलापूर)

ए-१०२: परवा रात्री पार्किंगमधून पोराची गिअरची सायकल गेली. फूटेजमध्ये नुसता अंधार. सी विंगला धुणंभांडी करणारी नवीन बाई सेटलमेंट वस्तीतली आहे म्हणे. सगळ्यांनी जरा लक्ष ठेवा 🙏

बी-४०४: बरोबर. वॉचमनला सांगा, जाताना पिशवी बघत जा म्हणून.

सी-२०३: लक्ष्मी मावशी आमच्याकडेच येतात. साडेआठला येतात, अकराला जातात. सायकल रात्री गेली ना? मग मावशींचा संबंध आला कुठून?

ए-१०२: वहिनी, मी चोर म्हटलं का? पत्ता सांगितला फक्त.

सी-२०३: परवा दिवसभर लिफ्टवाले दोघं पार्किंगमध्येच होते. त्यांचा पत्ता कुणी विचारला?

डी-३०३: शुभ सकाळ 🌹 उद्या पाणी सोडणार आहेत का, कुणाला माहिती?

डी-१०१ (गुरुजी): जरा लांब लिहितोय, वाचा. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ नंतर तो देशभर लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी अशा अख्ख्या जमाती त्यात गुन्हेगार ठरल्या. पाळण्यातलं पोरसुद्धा! आपल्या सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, तीच ही सेटलमेंट. रोज हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास. गिरणीत कामाला जायचे तेही त्या कुंपणातूनच. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. आता वरचे मेसेज परत वाचा. 'लक्ष ठेवा' म्हणजे हजेरीच झाली, आणि पिशवी दाखवल्याशिवाय सोडायचं नाही म्हणजे पास.

बी-४०४: गुरुजी, इतिहास मान्य. पण चोऱ्या होतात त्याचं काय? आणि नावं बदलून काय होतंय? सरकारनं २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. लोक अजून जुनंच म्हणतात.

डी-१०१ (गुरुजी): नाव बदला असं मी कुठं म्हटलं? तिथं राहणारे त्या नावाचं काय करायचं ते ठरवतील. आपण त्यापुढं शंका चिकटवतो, तेवढं बंद करू.

बी-३०१: मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही. माझी आई विड्या वळायची, आम्ही विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात राहायचो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला कापलेली पानं, आणि मी तिथंच बसून अभ्यास करायची. वह्यांना वास यायचा. शाळेत एक बाई मला नावानं कधी हाक मारायच्याच नाहीत. "ए विडी घरकुल, फळा पूस." पत्ताच होता की तो पण! वर्गात कुणाचं पेन हरवलं की पहिलं दप्तर माझं उघडायचे. सापडायचं काही नाही. पण बाकीच्या पोरी बाकावर सरकून बसायच्या, ते दिसायचं मला. आज मी बँकेत ऑफिसर आहे, तरी कुणी "कुठल्या तुम्ही?" विचारलं की आधी पोटात गोळा येतो, मग उत्तर देते.

सी-२०३: ताई 🙏

ए-२०१ (वकील): एक भर घालतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल दिला. जातीवरून कामं वाटायची नाहीत, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायचा. विमुक्त जमातींना, म्हणजे गुरुजींनी सांगितलेल्या कायद्यातून सुटलेल्यांना, सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तुरुंगाच्या नियमांवरही कोर्टानं ताशेरे ओढले. आता आपल्या गेटवरचं रजिस्टर बघा. पाहुण्यांना नाव आणि फ्लॅट विचारतात. कामाला येणाऱ्यांना मात्र 'वस्ती' असा वेगळा रकाना! तुरुंगातनं निघाला, आपल्याकडं अजून आहे.

बी-४०४: तो रकाना पोलिसांनी सांगितला असेल.

सेक्रेटरी: नाही. मागच्या कमिटीनं छापून घेतलं होतं. पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म वेगळा असतो, तो ऑफिसात फाईलला राहतो. गेटवर येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचायची गोष्ट नाही ती.

डी-१०१ (गुरुजी): मग छापा नवीन. सगळ्यांना एकच रजिस्टर: नाव, फ्लॅट, वेळ, सही. आणि पिशवी बघायचीच असेल तर माझ्यापासून सुरुवात करा. रोज मंडईतनं येतो, मेथीच्या दोन पेंड्या सापडतील.

सी-२०३: 😄 आणि 'बाई' नको, नाव घ्या. मावशींना स्मार्टफोन येतो. त्यांच्या पोरीनं उद्या स्क्रीनशॉट दाखवला तर मी काय सांगू?

ए-१०२: _हा मेसेज डिलीट केला आहे_

ए-१०२: काढला वहिनी. पण सायकल तेरा हजारांची होती हो. तिचं काय?

ए-२०१ (वकील): बिल आणि फ्रेम नंबर घेऊन चौकीत चला, मी येतो सोबत. संध्याकाळी सहाला?

ए-१०२: चालेल.

सेक्रेटरी: रजिस्टर सोमवारी छापायला टाकतो. पार्किंगच्या नाईट व्हिजन कॅमेऱ्याचं कोटेशन आलंय, रविवारच्या मीटिंगला ठेवतो. मेंटेनन्स थकलेल्यांनीही या.