भोंदूगिरी कशी चालते हे गावात तासाभरात दाखवायचंय. काय घ्यावं, काय टाळावं?

खडूफळा

नमस्कार मंडळी. नवरात्राच्या आधी एका गावात बचत गटाच्या बायका आणि नववी-दहावीची मुलं अशा साठ-सत्तर जणांपुढे तासाभराचा कार्यक्रम आहे. गाव वारकरी, घरटी एक तरी माळकरी. त्यामुळे देवाची टिंगल वाटेल असं एकही वाक्य नको. पण शेजारच्या बाजारगावात दर गुरुवारी 'दरबार' भरतो. तिथे चिठ्ठी न वाचता प्रश्न ओळखतात, लिंबातून रक्त काढतात, काविळीची माळ घालतात. लोक विचारतात, "मग हे कसं काय होतं?" त्याला नेमकं उत्तर हवंय. कोणते प्रयोग बिनधोक आहेत, काय फसतं, आणि प्रयोगांपलीकडे काय सांगायचं? कायद्याचंही थोडं हवं. 'शिक्षण घ्या' छापाचे सल्ले कृपया नकोत.

चुनखडी

प्रयोग तीनच घ्या. जास्त घेतले की जादूचा खेळ होतो आणि मुलं पुढचा कधी म्हणून बघत बसतात.

पहिला, लिंबातलं रक्त. लाल जास्वंदीच्या दोन-तीन पाकळ्या सुरीच्या दोन्ही बाजूंना दाबून चोळायच्या आणि सुरी सावलीत वाळू द्यायची. तिने रसरशीत लिंबू कापलं की रस लाल होऊन ओघळतो. जास्वंदीचा रंग आंबटात लाल होतो, एवढंच. चकचकीत स्टीलच्या सुरीवर जांभळट डाग दिसतात, म्हणून घरातली जुनी काळपट लोखंडी सुरी घ्या. सुकलेल्या, रस नसलेल्या लिंबावर हा प्रयोग हमखास पडतो. दरबारात जास्वंदीऐवजी बऱ्याचदा मिथिल ऑरेंजचं पाणी वापरतात. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं, तत्त्व तेच.

दुसरा, देवीचा पंजा. चमचाभर हळद अर्धी वाटी पाण्यात कालवून त्यात पांढरं सुती फडकं बुडवून वाळवा. पाण्यापेक्षा स्पिरिटमध्ये रंग चांगला उतरतो, पण मग आसपास दिवा-उदबत्ती नको. आदल्या रात्री पानाला लावायचा चुना दोन चमचे एका पेलाभर पाण्यात ढवळून ठेवा. सकाळी वरची नितळ निवळी तेवढी घ्या. ओला तळवा फडक्यावर दाबला की लालभडक पंजा उमटतो. मग त्याच पंजावर लिंबू पिळा, परत पिवळा. बायकांना हा लगेच पटतो, कारण हळदीचं कुंकू कसं होतं हे त्यांना ठाऊक असतं. निवळी रात्रभर उघडी राहिली तर वर साय धरते आणि ती मंद होते, म्हणून बाटलीत झाकून ठेवा. प्रयोग झाल्यावर हात धुवा आणि डोळ्याला लावू नका. मुलांच्या हातात चुना द्यायचा नाही.

तिसरा, मंत्राने पेटणारा होम. मातीच्या पणतीत पोटॅशियम परमँगनेटची बारीक पूड, चहाचा अर्धा चमचा. मध्ये खळगा करून त्यात ग्लिसरिनचे पाच-सहा थेंब सोडायचे. लांबून ते तुपासारखंच दिसतं. साधारण अर्ध्या मिनिटात धूर येतो, मग जांभळट ज्योत. ते अर्धं मिनिट भरून काढायलाच मंत्र असतो! थंडी असेल किंवा खडे मोठे असतील तर वेळ लागतो, आणि माणूस वाकून बघायला जातो नेमका तेव्हाच भडका उडतो. वाकायचं नाही, जास्त ग्लिसरिन ओतायचं नाही, वाळूची बादली शेजारी ठेवायची. हा मोकळ्या जागेत आणि तुम्ही स्वतःच करा.

नारळ पेटवायला सोडियम आणि नाण्याची राख करायला मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते दोन्ही अजिबात नकोत. पहिला उडतो, दुसरं जहाल विष आहे. जिभेवर कापूर, निखाऱ्यावरून चालणं वगैरेही शाळेच्या मुलांपुढे नको. घरी जाऊन करतात.

आडकित्ता

चुनखडी यांचे प्रयोग चांगले, पण नुसते तेवढेच दाखवलेत तर परतताना लोक म्हणतील, "हे गुरुजी जादूगार आहेत, आमचे महाराज खरे आहेत." मी अर्धा तास चिठ्ठीला दिला असता.

चिठ्ठीची चाल अशी. समजा सहा बंद पाकिटं आहेत. त्यातलं एक साथीदाराचं, ते गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवलेलं. बुवा वरचं पाकीट कपाळाला लावतो, डोळे मिटतो आणि साथीदाराचा आधीच ठरलेला प्रश्न सांगतो: "एक ताई मुलाच्या नोकरीचं विचारतेय." गर्दीतून ताई उठते, "होय महाराज!" आता बुवा पाकीट फोडतो, कागदावर नजर टाकतो, मान हलवतो. मंडळींना वाटतं तो ताळा पाहतोय. प्रत्यक्षात त्याच्या हातात दुसऱ्याच कुणा खऱ्या भक्ताची चिठ्ठी आहे आणि ती तो आत्ता पहिल्यांदा वाचतोय. पुढचं पाकीट कपाळाला लावून तो ही वाचलेली चिठ्ठी 'ओळखतो'. असं एकेक घर पुढे. शेवटचं पाकीट साथीदाराचं, ते नुसतं फोडायचं. म्हणूनच फोडलेली चिठ्ठी लगेच निखाऱ्यात जाते. कागद परत मागितला तर सगळा खेळ उघडा पडतो.

सरावाला एक संध्याकाळ पुरते. चुका दोनच होतात. गठ्ठ्याचा क्रम बिघडतो, नाहीतर वाचताना ओठ हलतात. आधी करून दाखवा, टाळ्या घ्या, मग पाकिटं उघडी ठेवून सावकाश पुन्हा करा. त्या दुसऱ्या फेरीत सभागृहात जो "अरेच्चा" उमटतो त्यासाठीच हा प्रयोग.

चिठ्ठीशिवाय सांगतात त्याचं मूळ रांगेत असतं. नोंदणीच्या टेबलावर नाव, गाव, मोबाइल नंबर लिहून घेतात. पुढे तीन-चार तास रांग. रांगेत शेजारी बसलेली 'लांबून आलेली' बाई आधी स्वतःचं गाऱ्हाणं सांगते, मग तुमचं ऐकते. उरलेलं ढोबळ वाक्यांवर निभतं: घरात कुणाचं तरी गुडघ्याचं दुखणं आहे, पैसा येतो पण टिकत नाही, भावकीत जागेवरून कुरबूर आहे, देव्हाऱ्यात एक जुना फोटो आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्या घरात यातलं काहीच नाही? चुकलेली वाक्यं तो "नीट आठवा, घरी जाऊन विचारा" म्हणून तुमच्यावर टाकतो आणि तुम्ही घरी जाऊन खरंच काहीतरी शोधून काढता.

बायकांना एक काम द्या. दरबाराला जाणाऱ्याबरोबर दुसऱ्या एकीने जायचं आणि बुवाचं प्रत्येक वाक्य वहीत लिहायचं, लागलेलंही आणि चुकलेलंही. घरी येऊन मोजायचं. आठवणीत फक्त लागलेली उरतात, वहीत सगळी.

आता खरा मुद्दा. चमत्कार खरा की खोटा या वादात पडूच नका, तिथे तुम्ही हराल. त्यानंतर मागणी काय येते ते बघायला शिकवा. क्रम बहुतेक ठरलेला असतो. पहिल्या वेळी काहीच घेत नाहीत, फार तर नारळ आणि ११ रुपये. दुसऱ्या खेपेला दोष सापडतो, पितृदोष नाहीतर करणी. तिसऱ्या खेपेला त्यावर अनुष्ठान आणि मुदत, "अमावस्येच्या आत झालं पाहिजे." सोबत अट: कुणाला सांगायचं नाही, सांगितलं तर फळ जातं. गुण आला नाही तर श्रद्धा कमी पडली. घाई, गुपित आणि दोष भक्ताचा, ही तीन एकत्र दिसली की पुढचा पैसा थांबवायचा. पैशाचा पाऊस आणि गुप्तधन हीसुद्धा याच शिडीवरची वरची पायरी. फक्त तिथे रक्कम लाखात जाते आणि माणूस कर्ज काढून देतो, कारण आधी दिलेले बुडू नयेत असं त्याला वाटत असतं.

वारकरी गावात हे बोलायला तुम्हाला परका आधार लागणारच नाही. तुकोबांचा भोंदूंवरचा अभंग कितीतरी जणींना पाठ असतो. तो तुम्ही म्हणू नका, त्यांनाच म्हणायला सांगा. दासबोधात पाचव्या दशकाच्या दुसऱ्या समासात समर्थ स्वच्छ सांगतात की करामती दाखवणाऱ्यांनाही गुरू म्हणतात, पण ते मोक्ष देणारे सद्गुरू नव्हेत. जे शिष्याला साधनेला लावत नाहीत असे गुरू आडक्याला तीन मिळाले तरी टाकावेत, हेही तिथलंच.

मेणवत्ती

आडकित्ता म्हणतात ती कसोटी आमच्याकडेही तीच आहे, म्हणून थोडी भर. आजार बरे करण्याच्या सभा, अभिषेकाचं तेल विकणं हे ख्रिस्ती वस्त्यांतही चालतं. लोकांना बायबलातल्या मत्तयाच्या सातव्या अध्यायातले मेंढरांच्या वेषातले लांडगे माहीत असतात. बायबलातल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायातलं, बोललेलं घडलं नाही तर तो संदेष्टा परमेश्वराचा नव्हे, हेही माहीत असतं. पण त्याच पुस्तकाचा १३ वा अध्याय जास्त कडक आहे: चिन्ह खरं ठरलं, तरी तो तुम्हाला भलतीकडे नेत असेल तर ऐकू नका.

आणि 'दिदाखे' नावाची अगदी आरंभीच्या मंडळ्यांची छोटी नियमावली आहे. तिच्यात तर कारकुनी हिशेब आहे. फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी, पैसे मागितले तर खोटा. आत्म्याने भरून पान मांडायला सांगितलं आणि स्वतःच त्यावर जेवायला बसला, तरी खोटा. गावात मिश्र वस्ती असेल तर हे जरूर सांगा, हशाही येतो.

काढा_नको

काविळीच्या माळेबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि जीव जातो तो तिथे.

माळ वेलीच्या ओल्या काड्यांच्या तुकड्यांची असते, दोऱ्याच्या सरकत्या फासांत अडकवलेली. काड्या वाळून आक्रसतात, फास सैल होतात, दोरा मोकळा होतो. डोक्यावर ठेवलेली माळ गळ्यात येते, मग आणखी खाली. म्हणे कावीळ उतरली. तशीच दुसरी माळ करून खुंटीला टांगा. तीही लांबते, आणि खुंटीला कावीळ नसते. हात धुऊन पिवळं पाणी काढतात तिथे आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला चोळलेला असतो आणि पाणी चुन्याच्या निवळीचं असतं. कार्यक्रमात हे एखाद्या ठणठणीत माणसाच्या हातावर करा, वेगळं बोलावं लागणार नाही.

लोकांचा विश्वास का बसतो तेही सांगा. दूषित पाण्यातून होणारी अ प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जातं. पण डोळे पिवळे होणं हे लक्षण आहे. त्यामागे पित्तनलिकेत अडकलेला खडा असू शकतो, ब प्रकारची कावीळ असू शकते, पावसाळ्यात भाताच्या खाचरात काम करणाऱ्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जंतूंचा ताप) असू शकतो. लेप्टोत माळ लांबायची वाट बघत बसलात तर मूत्रपिंडं जातात. ताप, लघवी कमी होणं, गुंगी, सतत उलट्या यांतलं काही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना.

गोळ्या बंद करा असं कुणी सांगितलं, मग तो कितीही मोठा असो, तिथून उठायचं. फिटच्या गोळ्या एकदम सोडल्या तर न थांबणारी फिट येऊ शकते. इन्सुलिन सोडलं तर काही मुलं दोन-तीन दिवसांत बेशुद्धीत जातात. टीबीचा कोर्स अर्धवट टाकला तर पुढे त्याच औषधांना जंतू दाद देत नाहीत. अंगारा लावून गोळी घेतली तर काही बिघडत नाही, आणि हे वाक्य कार्यक्रमात मुद्दाम म्हणा. माणसाला दोन्हीतलं एक सोडायला लावलंत की तो बरेचदा गोळी सोडतो.

कलमदान

कायद्याचं आटोपशीर. लोक ज्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात तो २०१३ चा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. अनुसूचीत १२ प्रकार आहेत. तुमच्या गावाला लागू पडणारे सांगते: तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, फसवणं, भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, करणीचा आळ घेणं, साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं, मूल होण्याचं आमिष दाखवून लैंगिक शोषण.

त्याचबरोबर वारी, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, प्रवचन, हरिपाठ यांना हा कायदा हात लावत नाही, तसं कलमच आहे. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच हे वाचून दाखवा, निम्मा विरोध तिथेच मावळतो.

तक्रार पोलीस ठाण्यात. या कायद्याखाली दक्षता अधिकारी असतो, त्याचं नाव विचारा. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, जुनं ४२० आता नाही. सोबत न्यायचं: तारखांसह लेखी हकिगत, पावत्या, जाहिरातीचं पत्रक, संदेशांचे स्क्रीनशॉट, पैसे मोबाइलवरून गेले असतील तर व्यवहार क्रमांक. ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन, मग बाकीचं. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतो, दुसऱ्या दिवशी बरेचदा नाही. मधुमेह, कर्करोग ताईत-मंत्राने बरा करतो अशी जाहिरात असेल तर १९५४ चा औषधे व जादूई उपाय कायदा लागतो. पत्रक जपून ठेवा, फाडून फेकू नका.

खडूफळा

भरभरून मिळालं, आभार. आता क्रम असा धरतोय: कायद्यातली कीर्तन-भजनाची सूट, बायकांच्या तोंडून अभंग, चिठ्ठी दोनदा, हळदीचा पंजा, काविळीचे हात, शेवटी वही. लिंबू आणि होम वगळतोय. एक शंका. मुलं गणपतीची मूर्ती दूध प्यायली म्हणतात त्याचं विचारणार. ते घ्यावं का?

आडकित्ता

घ्या, पण भोंदूगिरी म्हणून नको. २१ सप्टेंबर १९९५ ला लोक रांगा लावून उभे होते, त्यांत कुणी कुणाला लुटत नव्हतं. काठोकाठ भरलेला चमचा मूर्तीला टेकवून किंचित तिरका केला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थरात खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही. दुधात थोडं कुंकू कालवून ओल्या पाट्याला लावून दाखवा, ओघळ दिसेल. मूर्ती घेऊ नका.

चुनखडी

लिंबू वगळताय ते ठीक, पण सुरी पिशवीत ठेवा. कुणीतरी मागून ओरडणारच, "मग लिंबाचं काय?" आणि जास्वंद सकाळची ताजी घ्या, आदल्या दिवशीची मलूल पाकळी रंग सोडत नाही.