गुरांच्या लशीची चाचणी होतच नाही म्हणे!

गोठेकरी: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'लस थेट आपल्या जनावरांवरच तपासतात.' वाचून राहवलं नाही. जिवंत लस आधी दसपट डोसने टोचून बघतात. तिच्यातला निर्बळ केलेला विषाणू पुन्हा उग्र होतो का, हे पाहायला तो एका जनावरातून दुसऱ्यात असा पाच वेळा नेतात. गाभण जनावराला चालते असं लिहायचं, तर त्यांच्यावर वेगळी चाचणी. लम्पीच्या लशीनंतर टोचल्या जागी गाठ, थोडा ताप, दूध कमी, हे काही जनावरांना होतंच.

कालवड: ती पोस्ट माझीच. सात महिन्यांची गाभण गाय लस टोचल्यावर नवव्या दिवशी गाभडली. वासराच्या पापण्यांना केस आले होते. मी हाताने पुरलंय. दसपट डोस मला सांगू नका.

गोठेकरी: वाईट झालं. पण लशीनेच कशावरून? वार तपासायला पाठवली होती का? ब्रुसेला या जिवाणूने जनावरं नेमकी याच महिन्यांत गाभडतात.

कालवड: फोन केला तर टोचणारा म्हणाला, 'होतं असं.' नोंद नाही, काही नाही.

दावण: लस राहू द्या, सुईचं बोला! आमच्याकडे एका सुईने चाळीस जनावरं टोचली. पहिल्याचं रक्त शेवटच्यापर्यंत.

गोठेकरी: विषय चाचणीचा आहे.

दावण: तुमच्या चाचणीत दर जनावराला नवी सुई, बाटली बर्फात. गोठ्यात बाटली दुपारभर खिशात! मग चाचणी झाली कशाची?

कालवड: अगदी बरोबर.

गोठेकरी: दोघांनी मिळून लोकांना घाबरवा. लाळ्या आला की माझ्याच दारात याल. मी बिनलशीची जनावरं तोंडाला फेस येऊन उभी पाहिलीत.

पशुवैद्य: भांडू नका. 2007 पासून जर्मनीत ठणठणीत जन्मलेली वासरं रक्तस्रावाने मरू लागली, कानात बिल्ला मारला तरी रक्त थांबेना. कारण निघालं आईला दिलेली बीव्हीडीची, म्हणजे गुरांच्या विषाणूजन्य हगवणीची लस. ती गायीच्याच मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेली. त्यांच्या अवशेषांविरुद्ध आईत प्रतिपिंडं तयार झाली, चिकातून वासरात गेली आणि त्याच्याच रक्तपेशी मारू लागली. टोचलेल्या गायीला काहीच नाही. 2010 मध्ये लस बाजारातून गेली, ती गोठ्यांतून आलेल्या तक्रारींमुळे. तीनशे जनावरांत काही झालं नाही, तरी शंभरात एकाला होणारा त्रास नजरेतून सुटू शकतो.

गोठेकरी: बरं, चाचणीत सगळं दिसत नाही, मान्य. पण चाचणी होत नाही, हे खोटंच.

कालवड: तेवढं मागे घेतो. गाय मागे घेता येत नाही.

पशुवैद्य: बॅच नंबर आहे?

कालवड: रिकामी बाटली वळचणीला खोचलेली आहे. थांबा, बघून येतो.