मदत हवी आहे: व्हाइटिंगच्या पिएरोगी फेस्टमध्ये शाकाहारी काय मिळेल?

मंडळी, आम्ही शिकागोजवळ राहतो. जुलैच्या शेवटी इंडियानातल्या व्हाइटिंगला पिएरोगी फेस्ट, म्हणजे पिएरोगी या पोलिश पदार्थाचा उत्सव असतो, तिथे सासू-सासऱ्यांना न्यायचा विचार आहे. सासरे कोल्हापूरचे. महायुद्धाच्या काळात वळिवड्याला सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्याच्या गोष्टी ऐकतच ते वाढले. त्यामुळे उत्साह त्यांनाच जास्त!

अडचण सासूबाईंची. मांस, अंडं काही चालत नाही. पिएरोगी म्हणजे उकडलेली करंजीच. बटाटा-चीज किंवा आंबवलेला कोबी आणि मशरूमचं सारण चालेल, पण पारीत बऱ्याचदा अंडं असतं आणि वरून बेकनचे तुकडे किंवा चरबीत परतलेला कांदा घालतात. स्टॉलवाले विचारल्यावर नीट सांगतात का? बटाट्याच्या धिरड्यांतही अंडं असतंच ना? आणि पाँचकी (पोलिश डोनट) कशात तळतात? पारंपरिक पद्धत डुकराच्या चरबीची, म्हणून धास्ती वाटते. किएल्बासाच्याच (पोलिश सॉसेजच्या) तव्यावर सगळं परतत असतील तर घरून दशम्या घेऊन जाईन, वाद नको.

दुसरं, शुक्रवारी संध्याकाळची मिरवणूक मुलांना बघायचीच आहे. गवत कापायची यंत्रं ढकलत कवायत करणारी पलटण आणि गाऊन घालून, डोक्याला रुमाल बांधून फिरणाऱ्या आजीबाई! सासऱ्यांचे गुडघे दुखतात. 119व्या रस्त्यावर घडीच्या खुर्च्या मांडू देतात का, आणि गाडी किती लांब लावावी लागते? कुणी गेलं असेल तर सांगा.