बुबुळाच्या फोटोवरून किडनीचं निदान: हे थांबायला हवं का?

सिंहगडरोडकर
पुण्यात आरोग्य शिबिरांत आयरिडॉलॉजीचं, म्हणजे बुबुळ पाहून शरीराचे आजार सांगण्याच्या पद्धतीचं टेबल असतं. कॅमेऱ्याने दोन्ही बुबुळांचे फोटो काढायचे, त्यांवर तक्ता ठेवायचा आणि ‘किडनी कमजोर’ असा रिपोर्ट हातात द्यायचा. तक्त्यात बुबुळ घड्याळासारखं वाटलेलं असतं. मेंदू बाराजवळ, मूत्रपिंड सहाजवळ, जठर बाहुलीलगतच्या वलयात. पाया हंगेरीच्या इग्नाझ फॉन पेक्झेली यांनी १९व्या शतकात घातला, तक्ता अमेरिकेत बर्नार्ड जेन्सन यांनी पसरवला. १९७९ साली १४३ जणांचे फोटो तीन आयरिडॉलॉजिस्टना दाखवले, त्यांत स्वतः जेन्सनही होते. ४८ जणांना मूत्रपिंडाचा आजार होता, पण आजारी कोण आणि निरोगी कोण हे त्यांना ओळखता आलं नाही. माझ्या मते हा रिपोर्ट देणं बंद करावं.

निसर्गमार्गी
तुम्ही चुकीची कसोटी लावताय. बुबुळ रोगाचं नाव सांगत नाही, प्रकृती सांगतं. तंतूंची वीण घट्ट की विरळ, बाहुलीभोवतीचं वलय एकसारखं की तुटक, यावरून कुठे जपायचं ते कळतं. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड जे टाकाऊ द्रव्य गाळतं ते) वाढेपर्यंत मूत्रपिंडाचं बरंचसं काम गेलेलं असतं. तोवर थांबायचं का? शिवाय विल्सन रोगात, म्हणजे शरीरात तांबं साचण्याच्या आजारात, डोळ्यात तांब्याचं कडं दिसतं, मधुमेहात बुबुळावर नव्या रक्तवाहिन्या येतात. डोळा शरीराचं सांगतो, हे नेत्रतज्ज्ञही मानतात. उरळी कांचनला १९४६ सालापासून निसर्गोपचार चालतो, लोकांना गुण येतो. सगळंच मोडीत काढू नका.

स्लिटलँप
विल्सनचं कडं बुबुळात नसतंच. तांबं साचतं पारपटलाच्या, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या थरात, आणि ते स्लिट लँपखाली, म्हणजे नेत्रतज्ज्ञांच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहावं लागतं. मधुमेहातल्या रक्तवाहिन्या दृष्टिपटलाला (डोळ्याच्या मागच्या पडद्याला) रक्त कमी पडल्यामुळे येतात. त्या बाहुलीच्या कडेने पसरतात, तक्त्यातल्या स्वादुपिंडाच्या खणात नव्हे. दोन्हींची कारणं ठाऊक आहेत. सहाच्या काट्यापासून मूत्रपिंडापर्यंत जाणारी कोणतीही नस मात्र सापडलेली नाही.

आता फोटोकडे या. रिंग लाइटची परावर्तनं बुबुळावर पांढरे ठिपके उमटवतात आणि रिपोर्टात ते ‘सूज’ होतात. उजेड कमी-जास्त झाला की बाहुली लहान-मोठी होते, तंतू ताणले किंवा दुमडले जातात, आणि कालचा ठिपका आज दुसऱ्या वलयात दिसतो. ज्यांना ‘नर्व्ह रिंग’ म्हणतात त्या बाहुली उघडझाप करताना पडणाऱ्या घड्या आहेत. आपल्या गडद तपकिरी डोळ्यांत तर रंगद्रव्याखाली तंतूच नीट दिसत नाहीत. मग वीण कुठून वाचणार?

सिंहगडरोडकर
भर घालतो. आधारसाठी बुबुळांची नोंद करतात, कारण ती नक्षी वर्षानुवर्षं बदलत नाही. मुतखडा झाला, पडला, तरी जुळणी होते.

निसर्गमार्गी
आधारची जुळणी पूर्ण नक्षीच्या साम्यावर होते. एखादा ठिपका नवा आला तर ती अडत नाही, म्हणून तो मुद्दा निर्णायक नाही. परावर्तनाचं मान्य, तिथे हलगर्जीपणा होतो.

स्लिटलँप
मग पडताळा सोपा आहे. उजेड, अंतर आणि बाहुलीचा व्यास तोच ठेवून उपचाराआधी आणि सहा महिन्यांनी फोटो घ्या. नावं काढून क्रमांक टाका, काही फोटो मुद्दाम दोनदा मिसळा. त्याच फोटोचं वाचन दोनदा सारखं येतं का, हे आधी बघा. तिथेच अडलं तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आणि लवकर ओळखायचंच असेल तर सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढा. प्रति ग्रॅम ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तीन महिन्यांत पुन्हा तपासा, कारण ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा जोरदार व्यायामानेही ते तात्पुरतं वाढतं. सोबत ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं याचा रक्तावरून काढलेला अंदाज) आणि रक्तदाब. मधुमेह असेल तर हे दरवर्षी हवं. उरळी कांचनचा आहार आणि मातीपट्टी या तक्त्यावाचूनही चालतात. ‘किडनी ठीक’ असा कागद हातात पडला की माणूस लघवीची तपासणी पुढे ढकलतो. मला राग त्याचा आहे.

निसर्गमार्गी
मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्याला लघवीची तपासणी आधी, हे मला मंजूर आहे. रिपोर्टात ‘ठीक’ किंवा ‘कमजोर’ लिहू नये, हेही. प्रकृतीचं वाचन मात्र मी सोडणार नाही. क्रमांक टाकलेले फोटो द्या, वाचून दाखवतो.