आजी व्हीलचेअरवरून सतत पुढे घसरते, पट्टा बांधावा का?

निळीछत्री:
आजी 79 वर्षांची, डाव्या अंगावरून वारं गेलेलं. खुर्ची घडीची, कापडी बैठकीची. मागे टेकून नीट बसवलं तरी थोड्या वेळात कंबर पुढे सरकते, पाठीला पोक येतो, माकडहाडापाशी लाली दिसते. घरात उजवा हात आणि उजवा पाय वापरून ती स्वतःच खुर्ची चालवते. पोटाला पट्टा बांधावा की पाठ मागे रेलणारी खुर्ची घ्यावी?

मोजपट्टी:
आत्ता दोन्ही नको. घसरण्याचं कारण तसंच राहिलं तर माणूस पट्ट्याखालून पुढे जातो आणि पट्टा पोटावरून छातीकडे, गळ्याकडे चढतो. यात जीव गुदमरू शकतो, म्हणून इतकं स्पष्ट सांगतो आहे. नुसती पाठ रेलली की कमरेचा कोन उघडतो आणि घसरण वाढते, शिवाय माकडहाडावरची कातडी ओढली जाते ती वेगळीच.

आधी मापं घ्या. आजीला कडक बाकावर ताठ बसवा, पायात रोजची चप्पल किंवा बूट असू द्या. नितंबाच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत, खळगीपासून जमिनीपर्यंत, आणि नितंबांची रुंदी. मग खुर्चीच्या बैठकीची खोली, पुढच्या कडेची जमिनीपासून उंची आणि रुंदी.

निळीछत्री:
आजी: 42, 39, 36 सेंमी. खुर्ची: खोली 41, उंची 50, रुंदी 46. वर 5 सेंमी फोमची उशी आहे.

मोजपट्टी:
मग कारण सापडलं. मुख्य घोळ उंचीचा. खळगीखाली 39 सेंमी आहेत आणि बैठक उशी धरून 50 च्याही वर. पायाने खुर्ची ओढायची तर टाच जमिनीला टेकायला हवी. ती टेकत नाही, म्हणून आजी पाय पोचवण्यासाठी कंबर पुढे आणते. ती घसरत नाहीये, मुद्दाम पुढे येते आहे. पट्टा बांधलात तर तिचं चालवणंच बंद होईल.

खोलीही जास्त आहे. गुडघ्यामागे 3 ते 6 सेंमी मोकळे हवेत, म्हणजे बैठक 36 ते 39. सध्या कड जवळजवळ खळगीला लागते. रुंदी 36-38 पुरे. 46 मध्ये ती कमकुवत बाजूला कलणारच.

पाना_नंबर_दहा:
उंची कमी करायची तर चौकटीवर मागच्या चाकांच्या आसासाठी (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) एकापेक्षा जास्त भोकं आहेत का ते बघा. आस वरच्या भोकात गेला की बैठक खाली येते. पण पुढची, छोट्या चाकांकडची बाजूही तेवढीच खाली आणावी लागते. नुसतं मागे उतरवलं तर पुढच्या चाकांचा उभा दांडा तिरका होतो, चाकं थरथरतात आणि खुर्ची मागे उलटण्याचा धोका वाढतो. चाक हललं की ब्रेकही पुन्हा बसवावा लागतो, कारण तो टायरवर दाबून धरतो. टायरमध्ये हवा कमी असली तरी ब्रेक सुटतो; अंगठ्याने जोरात दाबल्यावर टायर 5 मिमीपेक्षा जास्त दबू नये.

बहुतेक घडीच्या खुर्च्यांना ही सोय नसते, आणि असली तरी 11 सेंमीहून जास्त फरक त्यातून निघत नाही. इथे कमी उंचीची, अरुंद खुर्चीच घ्या. उशी लावून, आजी बसल्यावर वरची पातळी 39 च्या जवळ यायला हवी, म्हणून उशीची जाडी धरूनच निवडा. उजव्या बाजूची पायपट्टी काढता येणारी हवी, डावीकडची जमिनीपासून किमान 5 सेंमी वर.

हाडवैरी:
उशीबद्दल. कापडी बैठक मध्ये झोळीसारखी पडते, मग एक कुल्ला खाली जातो आणि कंबर वाकडी होते. उशीखाली प्लायवूडची पाटी, कडा गुळगुळीत घासून, वेल्क्रोने घट्ट बसवा. पाटीने उंची किंचित वाढते, तीही हिशेबात धरा. मध्ये भोक असलेली गोल उशी वापरू नका; कडेला दाब वाढतो.

उशी पुरते का हे हाताने कळतं. तळवा वर करून बोटं बैठकीच्या हाडाखाली सरकवा. बोटांची टोकं 5 मिमी तरी खालीवर हलली तर ठीक. हलत नाहीत पण सहज बाहेर निघतात तर सावध राहा. ओढून काढावी लागली तर उशी बदला. दोन्ही बाजूंना तपासा. डावीकडे संवेदना कमी असेल तर तिथे दुखलेलं आजीला कळणारही नाही.

लाली बोटाने दाबल्यावर फिकी पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. त्या जागेवरचा दाब पूर्ण थांबवा, चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, तिथे गरमपणा आणि कडकपणा चाचपावा. बसलेली असताना दर 15 ते 30 मिनिटांनी पुढे टेबलावर झुकवून भार हलवायचा. डाव्या बाजूला कोणीतरी हाताशी उभं राहा, आणि त्याआधी दोन्ही ब्रेक लावा.